कानस आणि कढई

शिर्डीच्या साई प्रसादालयाच्या छतावर 2009 साली 73 सौर तबकड्या बसवल्या गेल्या. एकेक तबकडी सोळा चौरस मीटरची. उन्हाने पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा भात-वरण शिजवायचा, असा तो बेत. या तबकडीचा मूळ आराखडा वोल्फगांग शेफलर यांचा. साध्या वेल्डिंगच्या दुकानात, बाजारात मिळणाऱ्या लोखंडातून ती करता यावी, अशा बेताने त्यांनी ती आखली. तबकडीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा आणि तासाला पंधरा अंश फिरवायचा. आस समांतर ठेवायचा म्हणजे क्षितिजाशी त्याचा कोन गावाच्या अक्षांशाइतका धरायचा. आपल्याकडे तो जवळजवळ वीस अंश भरतो. भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश असा थेट वेल्डरच्या गुण्यावर येऊन बसतो.

ही शिर्डी राहाता तालुक्यातली, राहाता गावाहून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. कार्यशाळा आणि स्वयंपाकघर एकमेकांना धरून कसे चालतात, याचा असा नमुना फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आला असेल. याच तालुक्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. साखर कारखाना म्हणजे तरी काय, फिटर-वेल्डरांनी उभे ठेवलेले अवाढव्य स्वयंपाकघरच. पॅनमन उकळत्या रसातून नमुना काढतो, काचेवर पसरतो आणि दाणा धरला की नाही ते नजरेने ठरवतो. त्या नजरेला कोणत्याही बोर्डाचे प्रमाणपत्र नाही, पण ती चुकली तर अख्खी पॅन वाया जाते.

शाळेत मात्र हे दोन विषय वेगवेगळ्या घरांत नांदले. लोखंड-लाकूडकाम टेक्निकल हायस्कुलांत गेले आणि तिथे बहुतेक मुलगेच. स्वयंपाक गृहविज्ञानात गेला आणि तिथे मुलीच. उरलेल्या सगळ्यांसाठी कार्यानुभव. त्याचे काय झाले ते महाराष्ट्रात शिकलेल्या कोणालाही सांगायला नको. आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, थर्माकोलचा मुकुट, आईने विणलेला रुमाल आणि वर 'अ' श्रेणी. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवावर जोर दिला, 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने त्यात समाजोपयोगी उत्पादक काम आणले. वस्तूला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न मात्र शाळेत कोणी विचारला नाही. जी वस्तू कोणालाच नको असते ती चांगली झाली काय आणि वाईट झाली काय!

हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो वर्ध्यात. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम आकाराला आली. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा तेव्हाही अनेकांना खटकली होती. मुलांना मजूर करून ठेवाल, हा आक्षेप खोटा नव्हता. पुढे मात्र उलटेच घडले. बहुतेक ठिकाणी टकळी एक विधी होऊन बसली, सूत निघाले की नाही हे कोणी पाहीना. सेवाग्रामला 2005 साली पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत शेती, सूत आणि स्वयंपाक या तिन्ही गोष्टी मुलगे-मुली मिळून करतात. पण तिथे ती दिशा टिकली ती जाणीवपूर्वक राखल्यामुळे.

महाराष्ट्रात या विषयाचा सगळ्यात भक्कम प्रयोग झाला तो पाबळला. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले हे दुष्काळी गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञानातले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी एवढे गाठीला असलेल्या या माणसाने 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करता करता शिकणे हीच माणसाची नैसर्गिक रीत आहे, शाळेने ती मोडली, असे त्यांचे म्हणणे. आश्रमाने आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय बांधला आणि एसएससी बोर्डाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस त्यालाच. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. चारही विभाग सगळ्यांना. वेल्डिंगचा होल्डर मुलीच्या हातात आणि चिक्कीचा पाक मुलग्याच्या हातात, यात तिथे कोणाला नवल वाटत नाही. हिमोग्लोबिन तपासायचे, रक्तगट ओळखायचा, घरातली वायरिंग करायची, मातीचा नमुना तपासायचा आणि प्रत्येक वस्तूचे चित्र काढून कॉस्टिंग करायचे.

माझ्या मते सगळी गोम या कॉस्टिंगमध्ये आहे. मुलाने स्टूल केले तर अँगल किती फूट लागला, वेल्डिंग रॉड किती जळाले, तुकडे किती वाया गेले, रंग किती, मजुरी किती, हे कागदावर उतरवल्याशिवाय ते स्टूल पुरे होत नाही. गावातल्या कोणाला ते विकायचे असेल तर पाय डुगडुगून चालणार नाही. मग गुण्या लावून कोन तपासणे, कानस मारून कडा बोथट करणे, पाणसळीने पातळी पाहणे ही कामे गुरुजींनी सांगावी लागत नाहीत. परीक्षक गिऱ्हाईकच असतो आणि तो ग्रेस मार्क देत नाही. 2002 साली एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळला फॅब लॅब आली. संगणकावर आराखडा काढून यंत्राकडून तो कापून घेणे गावातल्या पोरांच्या हाताशी आले. कलबाग 2003 साली गेले, विषय मात्र शाळाशाळांतून पसरत राहिला.

बाहेरच्या जगाची गोष्ट थोडक्यात. फिनलंडने 1866 सालीच हस्तव्यवसाय प्राथमिक शाळेत सक्तीचा केला आणि आज तिथे सातवीतला प्रत्येक मुलगा-मुलगी गृहशास्त्राच्या तासाला स्वयंपाक शिकते. जपानने 1993 पासून माध्यमिक शाळेत तंत्र आणि गृहशास्त्र दोन्ही सर्वांना लागू केले. इंग्लंडमध्ये 1990 पासून लाकूडकाम, धातूकाम आणि अन्न एकाच विषयाच्या छत्राखाली आले. श्रीमंत देशांचे चोचले म्हणून हे सोडून देता येईल. पण 1866 चे फिनलंड दुष्काळाच्या तोंडावर उभे होते.

आता राहात्याकडे परत येऊ. हा पट्टा पेरूचा. इथे ओळखीची लखनऊ-49 ऊर्फ सरदार ही जात निवडली गेली ती पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात, 1927 साली. मृग बहाराचा पेरू हिवाळ्यात येतो, म्हणजे नेमका शाळेच्या दुसऱ्या सत्रात. आवक वाढली की भाव कोसळतो आणि घराघरांत क्रेट पडून राहतात. नववीच्या वर्गाला जेली करायला याहून चांगला हंगाम नाही.

पेरू अर्धवट पिकलेला घ्यायचा, कारण पेक्टिन त्यात जास्त. फोडी बुडतील एवढे पाणी आणि थोडे सायट्रिक अॅसिड घालून अर्धा तास उकळायच्या आणि मलमलच्या फडक्यातून रस आपोआप गळू द्यायचा. इथे घाई करून पिळले की जेली गढूळ झालीच. मग एक चमचा रसात स्पिरिट घालून पाहायचे. एकच घट्ट गोळा आला तर पेक्टिन भरपूर, रसाइतकीच साखर घाला. दोन-तीन गोळे आले तर पाऊणपट. नुसतेच बारीक कण दिसले तर जेली बसणार नाही. पुस्तकात लिहिलेले असते की 105 अंशाला जेली तयार. पण राहाता समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच, तिथे पाणीच साधारण 98 अंशाला उकळते. म्हणून आधी साध्या पाण्यात थर्मामीटर बुडवून उकळबिंदू पाहायचा आणि त्यावर पाच अंश धरायचे. ज्या वर्गाने 105 ची वाट पाहिली त्याची जेली चिवट झाली समजा. आजी मात्र थर्मामीटर न बघता पळीवरून पडणारा थेंब पाहते. थेंब एकेकटा न गळता पदरासारखा पसरून तुटला की गॅस बंद. दोन्ही रीती एकाच तासाला समोर आल्या तर मुलांना विज्ञानही कळते आणि आजीही.

पण असा 'तास' राहात्यातल्याच काय, कुठल्याही नेहमीच्या शाळेत नाही. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि जेलीला तीन तास हवेत. आठवड्याचा एक पूर्ण दिवस देण्यात पाबळने दाखवलेला शहाणपणा इथे कळतो. आणखी एक गंमत आहे. आठवीपर्यंतच्या शाळेत चूल पेटलेलीच असते. पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला 150 ग्रॅम तांदूळ, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने असे माप ठरलेले आहे. मुलांना त्या चुलीवर राबवू नये हे बरोबरच. पण त्या थाळीत 20 ग्रॅम प्रथिने खरोखर भरतात का, डाळ किती वाढवावी लागेल, परसबागेतला शेवगा घातला तर काय होईल, हे गणित करायला कोणाची आडकाठी आहे? शेजारच्या खोलीत मात्र 'संतुलित आहार' फळ्यावरून वहीत उतरवून घेणे चालू असते.

नवे शैक्षणिक धोरण 2020 सालचे. सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना जावेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून शिकावे, असे त्यात आहे. एनसीईआरटीने 2024 साली सहावीसाठी 'कौशल बोध' हे पुस्तकही काढले. सजीवांसोबतचे काम, यंत्र-साहित्यासोबतचे काम आणि माणसांसाठीची सेवा अशी त्यातली वाटणी शहाणपणाची आहे. दहा दिवस मात्र सहलीपुरते. दहा दिवसांत कानस धरायला येते, चालवायला नाही.

खरी अडचण शिकवणार कोण ही आहे. पाबळने बीएड झालेला शिक्षक शोधला नाही, गावातलाच कारागीर निदेशक म्हणून उभा केला. नगर-मनमाड रस्त्यावर राहात्यात फॅब्रिकेशनची दुकाने आहेत, बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, शेजारी राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, पापड-लोणच्यात हात बसलेले बचतगट आहेत. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून जास्त पट असलेल्या शाळेला कार्यशिक्षणाचा अंशकालीन निदेशकही ठरवून दिला आहे. कागदावर जागा आहे, दुकानात माणूस आहे. पण दिवसभर दुकान बंद ठेवून तुटपुंज्या मानधनावर शाळेत यायला त्याला परवडले पाहिजे. आणि वेल्डिंग मशीनचे वीजबिल शाळेच्या कोणत्या खात्यात दाखवायचे, हे मुख्याध्यापकाला कोणीतरी लेखी कळवले पाहिजे.