काळ्या तिखटातलं सदाहरित रान

उन्हाळ्यात धाराशिवच्या बाजारात मसाल्याची यादी घेऊन उभं राहिलं, की दुकानदार धने, खोबरं, दगडफूल झरझर तोलतो आणि शेवटी छोट्या पुड्यांकडं वळतो. मिरी, वेलदोडे, आणि यादी जुन्या हाताची असेल तर रामपत्री. कांडपातून काळं तिखट होऊन आल्यावर यातलं काही वेगळं ओळखू येत नाही. पण या तिन्हींचं माहेर एकच, सह्याद्रीतलं पावसानं निथळणारं सदाहरित रान. वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पावसावर भागवणाऱ्या आपल्या बालाघाटात यातलं एकही आपसूक उगवायचं नाही.

रामपत्री जरा हातात घेऊन बघा. लालसर-तपकिरी, चिंध्यांसारखी जाळी. रानजायफळाचं फळ उकललं की आतल्या बीला ही जाळी लपेटलेली दिसते. पदार्थांत आपण वापरतो ते जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं, रामपत्री मात्र पश्चिम घाटाबाहेर कुठंच निसर्गतः वाढत नाही. वनस्पतिशास्त्रात तिला ‘मिरिस्टिका मलबारिका’ म्हणतात. जायपत्रीपेक्षा वास मंद, त्यामुळं जुन्या व्यापारात तिची किंमत भेसळीच्या मालाची. युरोपातले व्यापारी तिला ‘बॉम्बे मेस’ म्हणत आणि नाक मुरडत. आता तेच झाड जागतिक संकटग्रस्त यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

लांबून वस्तू येणं या जिल्ह्याला नवं नाही. तेर म्हणजे जुनं तगर, ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये नोंदलेली बाजारपेठ. तुळजापूरच्या भुत्याच्या गळ्यातली कवडी तर थेट समुद्रातली. वस्तू येतात. चालत येणारा जीवही कधी येतो: २०२४च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या जेमतेम २२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात दिसला, तो यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर तीनशे किलोमीटर भरतं, आणि वाघ काही सरळ रेषेत चालत नाही.

सिंधुदुर्गातलं दोडामार्ग इथून साधारण तेवढंच लांब. पण तिथलं रानजायफळ हा पल्ला कधीच गाठू शकणार नाही, कारण त्याच्या बीला कोरड सोसत नाही. ज्वारीचं बी आपण वाळवून कणगीत ठेवतो, पुढच्या पेरणीला ते टवटवीत. रानजायफळाचं बी वाळलं की मेलं. झाडावरून पडल्यावर थोड्याच दिवसांत त्याला ओल आणि सावली मिळायला हवी. शिवाय झाडं नर आणि मादी अशी वेगळी, म्हणजे चुकून एखादं बी कुठं रुजलं तरी एकट्याचा वंश पुढं जात नाही. बरं, हे बी पपईच्या बीसारखं बारीक नाही, चांगलं मोठं. ते नेणार कोण? महाधनेशासारखे मोठ्या चोचीचे पक्षी. धनेश पत्रीसकट बी गिळतो, पत्री पचवतो आणि बी रानातच दुसरीकडं टाकतो. रामपत्री गोळा करणारा माणूस नेमका याच्या उलट वागतो. फळ पिकायच्या आधीच फांद्या छाटून काढतो, पत्री बाजारात येते आणि बी मातीपर्यंत पोहोचतच नाही.

हा महाधनेश स्वतःच एक कोडं आहे. तो सह्याद्रीत आहे, मग मधलं दख्खन सोडून थेट हिमालयाच्या पायथ्याला, आसामात आणि पुढं मलाया-सुमात्रापर्यंत. मध्ये त्याचं एकही घरटं नाही. डोंगरी ओढ्यांतल्या माशांचंही असंच. खडकाला चिकटून राहणाऱ्या या माशांच्या अभ्यासातून सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात मांडलं, की एके काळी सातपुडा आणि विंध्याच्या रांगा ओल्या, हिरव्या असाव्यात आणि त्या वाटेनं पूर्वेकडचे जीव सह्याद्रीत उतरले असावेत. कल्पना देखणी होती. जनुकं तपासायला लागल्यापासून ती एवढी सरळ उरली नाही, कारण प्रत्येक घराण्याचा प्रवास वेगळ्या काळातला निघतो. काहींची दिशाही उलटी असू शकते. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांपूर्वीची राळ सापडली. त्यावरचं संशोधन २०१० साली प्रसिद्ध झालं. ही राळ ज्या कुळातल्या झाडांची, तीच आज बोर्निओच्या जंगलाचे उंच खांब आहेत. म्हणजे पश्चिम भारतात तेव्हाच सदाहरित रान होतं, आणि आग्नेय आशियातली ही झाडं कदाचित इकडूनच तिकडं गेली.

मग हवामान कोरडं होत गेलं आणि ओलं रान आक्रसून घाटाच्या कडेला टेकलं. त्यातही काही झाडांना नुसता पाऊस पुरत नाही, पायाखाली साचलेलं पाणीच लागतं. रामपत्रीची बहीण ‘मिरिस्टिका मॅग्निफिका’ त्यातली. दोन टेकड्यांमधल्या सपाट दरीत, चिखलात ती उभी असते. त्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती खोडाच्या वरूनच फुटतात आणि तिरक्या टेकूंसारखी खाली उतरतात. अशी पाणथळ दरी भाताला आणि सुपारीलाही झकास, त्यामुळं केरळ-कर्नाटकातल्या बहुतेक जागा केव्हाच शेताखाली गेल्या.

महाराष्ट्रात असं रान दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याला सापडलं. शासनानं त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलंय. तिथं ते टिकलं ते देवाची राई म्हणून, कुऱ्हाड न लावल्यामुळं. क्षेत्रफळ २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आत. कळंब-वाशीकडं एवढ्या रानात एकाच घरची सोयाबीन असते.