दयेला यत्नाची जोड : मांजरांच्या पिसवांवरील औषधांविषयी

आषाढात चातुर्मासाला आरंभ होतो. पावसाळ्यात भूमीवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते. चालताना त्यांची विराधना होऊ नये म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी स्थिर होतात. या नियमामागचे निरीक्षण किती अचूक आहे, हे पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांत प्रत्ययास येते. येथे पावसाची झड लागली की आठवडाभर ऊन दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते, आणि या दमट उबेत गोचीड, डास, पिसवा यांची संख्या झपाट्याने वाढते.

या भागात मांजर हे शोभेसाठी पाळलेले जनावर नव्हे. घरात भात, नाचणी, वरई साठवलेली असते. बाजारपेठेत धान्याची आणि किराणा मालाची दुकाने असतात. उंदरांचा उपद्रव मांजराच्या नुसत्या वावराने कमी होतो. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग पसरतो, हे लक्षात घेतले म्हणजे मांजराची उपयुक्तता अधिकच पटते. अशा मांजराच्या अंगावर पिसवा झाल्या की ते दिवसरात्र खाजवत राहते. पिसवांमुळे त्याच्या पोटात पट्टकृमी होऊ शकतात. लहान पिल्लांचे तर इतके रक्त शोषले जाते की रक्तक्षयाने ती दगावतात. पाहणाऱ्याला कळवळा येतो, आणि तो हाताशी असेल ते औषध लावतो.

ते औषध कोणते, या प्रश्नावरच मांजराचे जगणे-मरणे अवलंबून असते. घरात कुत्रा असेल, तर त्याच्या मानेवर सोडण्याच्या थेंबांची कुपी असते. गोठा असेल, तर गाईगुरांच्या गोचिडांवरचे औषध असते. त्यातलेच थोडेसे मांजराला लावले जाते. काही तासांनी मांजर थरथरू लागते, तोंडातून लाळ गळते, पाय लटपटतात, झटके येतात. घरच्यांना वाटते की त्याला काही चावले असावे किंवा कोणी विष घातले असावे. प्रेमाने लावलेल्या औषधाचा संशय सहसा मनात येत नाही.

औषध एक, देह भिन्न

शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणारे पायरेथ्रिन हे कीटकनाशक फार पूर्वीपासून ज्ञात आहे. त्याच्या धर्तीवर इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली परमेथ्रिन हे कृत्रिम रसायन तयार केले. आपल्याकडे गुरांसाठी वापरली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिन ही औषधे याच कुळातील आहेत. मज्जातंतूंमधून संदेश नेणारी सूक्ष्म द्वारे ही औषधे उघडीच ठेवतात. त्यामुळे कीटकाचे शरीर अखंड उत्तेजित राहून तो मरतो. मनुष्य, गाय, कुत्रा यांचे यकृत हे रसायन त्वरेने निष्प्रभ करून बाहेर टाकते, म्हणून त्यांना सहसा बाधा होत नाही.

मांजराचे यकृत मात्र येथे असमर्थ ठरते. विषारी द्रव्याला एका शर्करामय घटकाची जोड देऊन ते विरघळण्याजोगे करण्याची जी प्रक्रिया इतर प्राण्यांत चालते, ती मांजरात फार क्षीण असते. तिच्यासाठी लागणारे एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे. शास्त्रज्ञ याचा संबंध आहाराशी जोडतात. जे प्राणी वनस्पती खातात, त्यांना वनस्पतींमधील अनेक विषारी द्रव्ये पचवावी लागतात. केवळ मांसावर जगणाऱ्या मांजराच्या पूर्वजांना ती गरजच उरली नाही. ताप-अंगदुखीवरची पॅरासिटामॉल मांजराला घातक ठरते, तीही याच कारणाने. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते.

आता थोडा हिशेब पाहू. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिनचे प्रमाण ४५ टक्के किंवा त्याहून अधिक असते. अशा औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ४५० मिलिग्रॅम परमेथ्रिन असते. साडेचार किलो वजनाच्या मांजराला ते लावले, तर दर किलोमागे १०० मिलिग्रॅम एवढी मात्रा होते आणि एवढ्या मात्रेत जीवघेणी विषबाधा झाल्याची नोंद आहे. आपल्याकडची अनेक मांजरे याहून हलकी असतात. म्हणजे कुत्र्याच्या एका कुपीतील उरलेले थेंबही मांजराला पुरेसे घातक आहेत. लंडनच्या पशुविषबाधा माहिती केंद्राकडे आलेल्या अशा २८६ प्रकरणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक सर्व मांजरांत लक्षणे दिसली होती आणि दहापैकी सुमारे एक मांजर वाचले नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी : वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मांजरे वाचतात.

गिधाडांनी दिलेला धडा

एका प्राण्याला तारणारे औषध दुसऱ्याला मारते, याचे मोठे उदाहरण या परिसराला अपरिचित नाही. गुरांच्या वेदना आणि सूज कमी करणारे डायक्लोफिनॅक हे औषध गुरांना उपकारक होते. त्या औषधावर असताना मेलेल्या गुरांचे मांस खाणारी गिधाडे मात्र मूत्रपिंडे निकामी होऊन मरत गेली. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण उमगले ते २००४ साली, लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांच्या पाकिस्तानातील संशोधनातून. पुढे २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली, आणि मेलॉक्सिकॅमसारखा निर्धोक पर्याय पुढे आला. मोखाड्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात, हरसूलजवळील खोरीपाडा येथे गिधाडांसाठी सुरक्षित खाद्य ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली, ती याच आपत्तीनंतर.

गुरांना ते औषध टोचणाऱ्या एकाही माणसाच्या मनात गिधाडांविषयी द्वेष नव्हता. तरीही आकाश रिकामे झाले. हेतू शुद्ध असणे पुरेसे नसते, हा धडा गिधाडांनी फार मोठी किंमत देऊन शिकवला. घरातल्या मांजरासाठी तो पुन्हा शिकण्याची वेळ येऊ नये.

वेष्टनावरील अक्षरे

बँकेत आयुष्य घालवलेल्यास एक सवय जडते : कागदावरचे बारीक अक्षर आधी वाचायचे. दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ असे लिहिलेला धनादेश दुसऱ्या कोणाच्या खात्यात जमा होत नाही, मग तो आणणारा कितीही सज्जन असो. औषधाच्या वेष्टनावरील ‘केवळ कुत्र्यांसाठी’ हे शब्द त्या दोन रेघांसारखेच आहेत. ‘थोडेसेच लावले तर काय होते’ हा विचार तेथे चालत नाही.

अमेरिकेत २००८ या एका वर्षात, अंगावर सोडण्याच्या अशा थेंबांमुळे कुत्र्या-मांजरांना त्रास झाल्याच्या सुमारे ४४,००० संशयित तक्रारी आल्या. त्यानंतर तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने चौकशी केली, आणि २०१० मध्ये वेष्टनावरील सूचना अधिक स्पष्ट कराव्यात, वजनाचे गट लहान करावेत, कुत्र्यांची व मांजरांची औषधे सहज वेगळी ओळखता यावीत, असे ठरवले.

आपण एवढे करावे. औषध घेताना ‘मांजरासाठी’ असे स्पष्ट सांगावे आणि वेष्टनावर तसे छापले आहे का, ते पाहावे. घटकांमध्ये परमेथ्रिन किंवा त्याच्या कुळातील नाव असेल, अथवा अमिट्राझ असेल, तर ते मांजराजवळ नेऊ नये. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन या घटकांची मांजरांसाठी बनवलेली औषधे मिळतात. तीही वजन आणि वय पाहून, पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच लावावीत. आयसोक्साझोलिन वर्गातील नव्या औषधांमुळे काही कुत्र्या-मांजरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून मांजराला पूर्वी झटके आले असतील तर ते आवर्जून सांगावे. घरात कुत्रा असून त्याला परमेथ्रिनचे थेंब लावले असतील, तर दोन-तीन दिवस मांजराला त्याच्या अंगाशी झोपू देऊ नये.

‘घरगुती’ म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. रॉकेल, काळे फिनेल, डांबराच्या गोळ्या, तंबाखूचे पाणी, सुगंधी अर्क यांतले काहीही मांजराच्या अंगाला लावणे धोक्याचे आहे. मांजर स्वतःचे अंग चाटून स्वच्छ करते. जे कातडीवर जाते ते अखेर पोटातही जाते.

लक्षणे आणि पहिला तास

औषध लावलेल्या जागी थोडी खाज, किंचित केस गळणे, कडवट थेंब चाटल्याने क्षणभर लाळ येणे हे सौम्य परिणाम योग्य औषधानेही होतात. कान आणि कातडी थरथरणे, चालताना तोल जाणे, अंग तापणे, झटके येणे ही मात्र विषबाधेची लक्षणे समजावीत. ती बहुधा काही तासांत दिसतात. क्वचित दोन-तीन दिवसांनीही प्रकट होतात.

चुकीचे औषध लागल्याचे कळताच, लक्षणे दिसण्याची वाट न पाहता मांजराला टॉवेलात धरून कोमट पाण्याने आणि भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाने धुवावे. पाणी कढत नको, त्याने औषध कातडीत अधिक शोषले जाते. गारही नको, मांजर गारठते. नंतर अंग कोरडे करून त्याला शांत, मंद उजेडाच्या जागी ठेवावे. तोंडात दूध, तूप, मिठाचे पाणी यांपैकी काहीही ओतू नये, उलटी करवू नये. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ न दवडता पशुवैद्यांकडे न्यावे.

औषधाचे वेष्टन सोबत न्यायला विसरू नये, कारण उपचार त्यावरच ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेतही थरथर आणि लाळ दिसते, पण तिच्यावर अ‍ॅट्रोपिन चालते. परमेथ्रिनवर असा थेट उतारा नाही. तेथे स्नायू शिथिल करणारे मेथोकार्बामॉल, झटके थांबवणारी औषधे, शिरेतून द्रव यांच्या आधाराने शरीराला दोन-तीन दिवस सावरून धरावे लागते. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर, तोही घाटरस्ता. मुंबईतील परळचे बाई साकरबाई पशुरुग्णालय त्याहून कितीतरी दूर. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवावा. पशुवैद्यकीय सेवेसाठीचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक मुख्यतः पशुधनासाठी असला, तरी अडचणीच्या वेळी तेथे विचारणा करून पाहावी.

संशय आणि नोंद

औषध लावल्यानंतर मांजर आजारी पडले, म्हणजे औषधानेच पडले असे नेहमीच नसते. पावसाळ्यात या डोंगरांत सर्पदंश होतात, उंदरांसाठी ठेवलेले विषही मांजराच्या पोटात जाते. संशयाचे रूपांतर निष्कर्षात व्हायचे तर नोंद हवी : औषधाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक, किती मात्रा, मांजराचे अंदाजे वजन, लावल्याची वेळ, पहिले लक्षण दिसल्याची वेळ. ही नोंद पशुवैद्यांना द्यावी आणि वेष्टनावरील पत्त्यावर उत्पादकालाही लेखी कळवावे. सुटी तक्रार हवेत विरते. लिहिलेल्या तक्रारी एकत्र आल्या की वेष्टनावरचे शब्द बदलतात, हे वरील उदाहरणातून दिसलेच आहे.

मूळ उपाय

आपल्या वाचकांच्या मनात एव्हाना एक प्रश्न उभा राहिला असेल. मांजर पंचेंद्रिय जीव खरा, पण पिसूही त्रस जीवच आहे. मग तिला मारणारे औषध श्रावकाने वापरावे काय? या प्रश्नाचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना विचारून, विवेकाने करावा. परंतु त्याआधीची एक पायरी आपल्या आचारात सांगितलेलीच आहे : जीवांची उत्पत्तीच होणार नाही अशी स्वच्छता राखणे. विज्ञान येथे आपल्या आचाराशी सहमत आहे. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकंदर संख्येच्या जेमतेम पाच टक्के. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत अंथरुणात, पोत्यांखाली, जमिनीच्या फटींत असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते.

म्हणून पावसाळ्याआधीच मांजराची बसण्याची जागा ठरवून द्यावी, तेथील गोणपाट वा चादर उन्हात टाकावी, झाड-लोट रोज करावी, जागा कोरडी ठेवावी. बारीक दातांच्या कंगव्याने मांजराचे अंग नियमित विंचरावे. कंगव्यात आलेल्या पिसवा घरापासून दूर झटकता येतात. यात वेळ जातो, पण पावसाळा येईपर्यंत पिसवांची संख्या वाढतच नाही, आणि औषधाचा प्रसंग बहुधा टळतो. पिल्लू रक्तक्षयाने निस्तेज झाले असेल, तर मात्र विलंब न करता पशुवैद्यांना दाखवावे.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला केंद्रस्थानी ठेवले आहे. मनात क्रूरता नसतानाही असावधपणे प्राण घेतला गेला, तर त्या असावधपणाचे उत्तरदायित्व उरतेच. मांजराला कुत्र्याचे औषध लावणारा हात दयेचाच असतो. त्यात उणीव असते ती यत्नाची. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना-ठेवताना सावध राहावे, असे आपल्याला समितींनी शिकवले. औषधाची कुपी उचलतानाही तीच सावधता पाळली, वेष्टनावरची चार अक्षरे वाचली, तर एका मुक्या जीवाचे प्राण वाचतील. येत्या चातुर्मासात घरोघरी एवढा नियम घेता येण्यासारखा आहे.