केबल वाढवा, पण जोड कुठे द्याल?

शिडाच्या नौकेवर टीव्ही ही कल्पना आपल्याकडे विरळा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीकच्या उपसागरात किंवा फ्लॉरिडाच्या खाड्यांत मात्र नौकेवरच महिनोन्‌महिने संसार मांडणारी कितीतरी माणसं आहेत आणि त्यांच्या डोलकाठीच्या टोकावर एक चपटा, गोल अँटेना हमखास दिसतो. त्याची केबल डोलकाठीच्या पोकळीतून खाली येते, डेकमधून आत शिरते आणि नेमकी टीव्हीपासून पाच-सहा मीटर अलीकडे संपते. कधी टीव्हीची जागा बदललेली असते, कधी मूळ बांधणाऱ्यानेच हात आखडता घेतलेला असतो. मग प्रश्न येतो, की तुकडा जोडून केबल वाढवली तर चित्र जाईल का? बहुतेकांची भीती लांबीची असते. माझं म्हणणं असं, की ही भीती चुकीच्या ठिकाणी आहे. लांबीने होणारं नुकसान मोजता येतं आणि ते क्षुल्लक आहे. खरा घातक असतो तो जोड, आणि तोही जोड म्हणून नव्हे, तर तो उघड्यावर दिला जातो म्हणून.

आधी लांबीचा हिशेब करू. टीव्हीसाठी जी जाड काळी केबल सगळीकडे वापरतात, ती 75 ओहमची आरजी-6. अमेरिकेत टीव्हीच्या यूएचएफ वाहिन्या आता 470 ते 608 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात आहेत. त्याच्या वरच्या टोकाला ही केबल 100 मीटरमागे साधारण 18 डेसिबल खाते. म्हणजे सहा मीटरचा वाढीव तुकडा जेमतेम एक डेसिबल घेणार आणि नीट बसवलेला जोड अर्धा डेसिबलसुद्धा नाही. उलट, पुढच्या आणि मागच्या अशा दोन खोल्यांत टीव्ही हवा म्हणून जो स्प्लिटर सहज लावला जातो, तो एकटा साडेतीन डेसिबल गिळतो. त्याबद्दल कोणी हूं की चूं करत नाही. आता पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा. प्रसारण मनोऱ्यापासून दूर, पाण्यावरून येणारा सिग्नल अँटेनाच्या उंचीबरोबर वाढतो. सरळ येणारी लहर आणि पाण्यावरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना जवळजवळ मारून टाकतात, आणि अँटेना वर नेला की ही मारामारी कमी होते. पुरेसं अंतर असेल तर उंची दुप्पट केल्यावर ढोबळमानाने सहा डेसिबलचा फायदा मिळतो. तीन मीटरवरचा अँटेना बारा मीटरवर नेला की बारा डेसिबल. लांब केबलच्या धास्तीने अँटेना केबिनच्या छपरावर आणून ठेवणं म्हणजे दीड डेसिबल वाचवण्यासाठी बारा सोडून देणं.

मग एवढ्या चांगल्या हिशेबानंतरही वाढवलेल्या केबली वर्ष-दोन वर्षांत दगा का देतात? तसा एखादा बिघडलेला जोड उघडून पाहावा. वरून कनेक्टर चकचकीत दिसतो. तो कापला की आतली जाळी, जी चंदेरी असायला हवी, ती काळपट झालेली असते. मधल्या तारेवर हिरवी बुरशीसारखी पूड धरलेली असते आणि पांढरा फोम बोटाला ओला लागतो. खारं पाणी एकदा कनेक्टरच्या तोंडातून आत शिरलं की जाळीच्या बारीक तारांमधल्या फटींतून ते आपोआप ओढलं जातं. सुकायला वाट नसल्यामुळे ते आतच राहतं. ओली केबल किती डेसिबल खाईल याचं कुठलंच कोष्टक नसतं. महिन्यागणिक तो आकडा वाढतच जातो.

डोलकाठीवर याला आणखी एक निमित्त मिळतं. नौका नांगरावर गरगर फिरते, म्हणून तिच्यावर चारी दिशांनी सारखं ऐकणारा अँटेना लावावा लागतो, आणि असा अँटेना घरावरच्या दिशादर्शी अँटेनासारखा सिग्नल गोळा करू शकत नाही. ही कसर भरून काढायला त्याच्या पोटात एक अँप्लिफायर असतो आणि त्याला लागणारी 12 व्होल्टची डीसी वीज त्याच केबलमधून वर पाठवली जाते. खारं पाणी, तांबं आणि सतत चालू असलेली डीसी वीज एकत्र आली की विद्युत्‌विघटन सुरू होतं. नुसत्या सिग्नलच्या केबलीत जे गंजणं पाच वर्षांत झालं असतं, ते इथे फार लवकर होतं. जोडाची जागा हाच कळीचा मुद्दा आहे, हे म्हणण्याला माझा सगळ्यात मोठा आधार हाच.

डिजिटल प्रसारणाने या दुखण्याची लक्षणंही झाकून टाकली आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रसारण 12 जून 2009 रोजी बंद झालं. त्याआधी जोडात पाणी शिरलं की पडद्यावर मुंग्या वाढत जायच्या आणि माणूस सावध व्हायचा. तिथल्या डिजिटल सिग्नलला गोंगाटापेक्षा साधारण 15 डेसिबलची आघाडी लागते. ती आहे तोवर चित्र निर्मळ, ती गेली की चित्रच नाही. त्यामुळे जोड आतून सडत असतानाही टीव्ही झकास दिसतो, आणि एखाद्या दिवशी नौका थोडी दूर नांगरली की सगळं ठप्प होतं. मग दोष दिला जातो अंतराला, हवेला नाहीतर अँटेनाला. नवा अँटेना येतो आणि जुना जोड तसाच राहतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मग जोडच नको, वरपासून टीव्हीपर्यंत अखंड केबल ओढा. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण बऱ्याच नौकांची डोलकाठी डेकवरच उभी असते आणि ती वारंवार उतरवावी लागते. थंड मुलखात हिवाळ्यापूर्वी ती काढून ठेवतात. पंचमहासरोवरांकडून न्यूयॉर्ककडे एरी कालव्याने यायचं तर वाटेतले पूल इतके बुटके आहेत की डोलकाठी आडवी करून डेकवर बांधण्यावाचून गत्यंतर नसतं. अखंड केबल असेल तर दर वेळी ती कापावी लागेल. म्हणजे जोड टळत नाही. त्याची जागा तेवढी आपल्या हातात आहे. ती डोलकाठीच्या पोकळीत नसावी, कारण तिथे हात पोहोचत नाही आणि वरून पाणी झिरपत असतं. डेकवरही नसावी. डोलकाठीची केबल बाकदार नळीतून किंवा रबरी ग्रंथीतून अखंड आत घ्यावी, मीटरभर जास्तीची गुंडाळून ठेवावी आणि जोड केबिनच्या छताखाली, झाकण उघडून दिसेल अशा कोरड्या जागी द्यावा. डोलकाठी उतरवताना तिथेच सोडायची आणि केबल वर ओढून घ्यायची. डोलकाठी थेट तळापर्यंत गेलेली असेल तर हे आणखी सोपं, कारण केबल केबिनमध्येच बाहेर पडते.

दुसरा आक्षेप असा, की एवढी यातायात कशाला, टीव्हीपाशी आणखी एक अँप्लिफायर लावला की झालं. बेल लॅब्जच्या हॅरल्ड फ्रिस यांनी 1944 मध्येच दाखवून दिलं होतं, की ओळीतल्या पहिल्या अँप्लिफायरच्या आधी जे गमावलं ते पुढे भरून येत नाही. खालचा अँप्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच मोठा करतो. वरच्याची वीज गंजलेल्या जोडात अडकली असेल, तर खाली कितीही यंत्रं लावा, उपयोग शून्य.

काही जण नौकेवर पडून असलेला व्हीएचएफ रेडिओच्या 50 ओहमच्या केबलीचा तुकडाच टीव्हीच्या केबलीला जोडतात. ओहम जुळत नाहीत म्हणून त्यावर बरीच ओरड होते. प्रत्यक्षात अशा एका बेमेळ जोडावर चार टक्के शक्तीच परत फिरते. खरा तोटा त्या बारीक केबलीचा. यूएचएफवर ती आरजी-6 च्या जवळपास दुप्पट खाते. चालेल, पण वापरू नये.

जोड कसा द्यावा, हे थोडक्यात सांगतो. खास पक्कडीने दाबायचा कॉम्प्रेशन प्रकारचा एफ-कनेक्टर घ्या, फिरवून बसवायचा नको. केबल सोलल्यावर जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवता कामा नये, नाहीतर 12 व्होल्टचा फ्यूज गेलाच. वर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे कौलांसारखा प्रत्येक वेढा खालच्यावर चढेल आणि पाणी ओघळून जाईल. उन्हापासून बचावाला तिच्यावर साधी काळी टेप. जोडाच्या आधी केबलीला खाली एक झोल द्या, पाणी तिथून ठिबकेल. सिलिकॉन लावणारच असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून सुटणारं आम्ल तांब्यालाच खातं.

आता टीव्ही बघतंच कोण, हा शेवटचा आक्षेप. मोबाइलवर सगळं मिळतं, हे खरं आहे. मीही नवीन नौकेवर केवळ टीव्हीसाठी डोलकाठी उघडा असं म्हणणार नाही. पण त्याच पोकळीतून त्याच वाटेने व्हीएचएफ रेडिओची केबल येते, आणि तिचा जोडही बहुतेकदा तसाच डेकवर उघडा असतो. 16 क्रमांकाच्या वाहिनीवर मदतीची हाक त्याच केबलीतून जाते. रेडिओ 25 वॉटने बोलेल, पण जोड ओला असेल तर त्यातलं वरपर्यंत किती पोहोचेल याची हमी नाही. आपल्या रत्नागिरी-मालवणच्या गच्च्यांवरच्या डीटीएच छत्र्यांनाही हाच न्याय लागू आहे: तीच आरजी-6, तोच एफ-कनेक्टर, तीच खारी हवा, आणि छत्रीच्या एलएनबीला त्याच केबलीतून जाणारी 13 ते 18 व्होल्टची वीज. पावसाळ्यात चित्र गेलं की छत्री हलवण्याआधी तिच्या मागचा जोड उघडून पाहावा.

नौकेवाल्यांसाठी एवढंच, की डोलकाठी आडवी आहे तोवर अँटेना सोडून केबलीच्या वरच्या टोकाला मधली तार आणि जाळी क्षणभर एकत्र करा आणि खालच्या टोकाला मल्टिमीटर लावा. आकडा दोन-तीन ओहमच्या आत असावा, आणि वरचं टोक मोकळं केल्यावर मीटरने काहीच दाखवू नये. पाच मिनिटांचं काम आहे; डोलकाठी उभी झाल्यावर त्याच कामासाठी पंधरा मीटर वर माणूस चढवावा लागतो.