विकास शुल्क : द्यायचे केव्हा आणि जाते कोठे?



माझी शाळा सातवीत सुटली. कायदे वाचायला मी शिकलो ते कामगारांच्या पगारातून कापलेले पैसे कोठे गेले, हे शोधता शोधता. त्याच सवयीने आज एका निराळ्या पैशाचा हिशेब आपल्यापुढे मांडतो. त्या पैशाचे नाव विकास शुल्क.

आपल्या हडपसरात शेताच्या जागी इमारत उभी राहिली की शंभर बिऱ्हाडे येतात. त्यांना पाणी हवे, गटार हवे, रस्ता हवा. हा सगळा खर्च जुन्या करदात्यांनीच का सोसावा? बांधणाऱ्यानेही वाटा उचलावा, हा न्याय झाला. त्यासाठीच १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात १९९२ साली एक नवे प्रकरण घालण्यात आले.

हे शुल्क केव्हा द्यावे लागते? जमिनीचा विकास, बांधकाम किंवा वापरातील बदल यांपैकी ज्याला परवानगी लागते, त्याला शुल्कही लागते. अर्ज आला की आकारणी होते आणि पैसे भरल्यावाचून परवाना हाती पडत नाही. परवानगी न मागताच काम सुरू करणाराही या देण्यातून सुटत नाही. सरकार व स्थानिक संस्था यांना मात्र त्यांच्या जमिनींपुरती माफी आहे. आणि इमारतीचे बाह्य रूप न बदलणाऱ्या डागडुजीला मुळात परवानगीच लागत नाही. इंग्लंडात २०१० पासून अशीच एक आकारणी आहे; तेथे रक्कम देय होते ती काम सुरू झाल्यावर.

किती द्यावे लागते? २०१० च्या दुरुस्तीने हे दर मुद्रांक खात्याच्या जमीनदरांशी जोडले गेले. राहत्या घरांसाठी जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के. व्यापारी वापराला याच्या दुप्पट. समजा, जमिनीचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये आहे, भूखंड १,००० चौरस मीटरचा आणि बांधकाम १,१०० चौरस मीटरचे आहे. तर जमिनीचे १ लाख आणि बांधकामाचे ४ लाख ४० हजार, असे एकूण ५ लाख ४० हजार रुपये झाले. मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी होणारी वाढ वेगळी.

ही रक्कम बिल्डर भरतो खरा, पण ती सदनिकेच्या किमतीत धरलेली असते. म्हणजे शेवटी ती आपल्याच पगारातून जाते. मी राहतो त्या सोसायटीत घराचे हप्ते आणि टँकरची वर्गणी अशी दोन्ही देणी आम्ही वर्षानुवर्षे भरली. एकाच पाण्यासाठी दोनदा पैसे मोजल्यासारखेच झाले की हे!

हे शुल्क स्वतंत्र विकास निधीत ठेवावे आणि सार्वजनिक सोयी, देखभाल व सुधारणा यांवरच खर्चावे, असे कायदा सांगतो. परंतु ज्या वस्तीतून पैसा आला त्याच वस्तीत आणि अमुक मुदतीत तो खर्चावा, असे बंधन त्यात नाही. ग्यानबाची मेख आहे ती येथे. शेजारचे मांजरी बुद्रुक पाहा. २०२१ साली ते महापालिकेत आले, पण तेथील नियोजनाचा अधिकार त्यानंतरही काही काळ महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ठेवण्यात आला. शुल्क घेणारा एक आणि नळाच्या पाण्यासाठी ज्याच्या दारी जायचे तो दुसरा! मग रहिवाशाने जाब विचारावा कोणाला?

भविष्यनिधीच्या कायद्याने कामगाराला आपल्या खात्याचा हिशेब मागता येतो. मालक पैसे भरतो एवढ्यावर आम्ही कधी समाधान मानले नाही. खात्यात किती जमले, हे दरवर्षी पाहिले. नागरिकांनीही तेच करावे. अंदाजपत्रकाच्या वेळी तीनच प्रश्न विचारावेत : आमच्या भागातून विकास शुल्क किती आले? त्यातले येथे किती खर्च झाले? आणि उरलेले कोठे आहे? माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. एकट्याने अर्ज केला तर तो फायलीत पडून राहील. दहा सोसायट्यांनी मिळून केला, तर उत्तर देणे भाग पडेल. संघटनेचा हा धडा कारखान्याच्या फाटकावर जितका खरा ठरला, तितकाच तो सोसायटीच्या फाटकावरही खरा आहे.