हळू पिणारे मूल

कामगार चळवळीतल्या माणसाने अंगावरच्या दुधाविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मूल पाजायला वेळ लागतो, आणि वेळ हाच तर आमच्या धंद्यातला जुना तंटा आहे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाविषयी मी बोलणार आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांत बहुधा २१ व्या जोडीत एक जादा येऊन ती ४७ होतात. डाऊन या इंग्रज डॉक्टराने १८६६ साली अशा मुलांचे वर्णन लिहिले, जादा गुणसूत्राचा शोध मात्र १९५९ साली पॅरिसमध्ये लागला. ग्रहण पाळले नाही म्हणून असे मूल झाले, हे बोलणे आईला फुकटचे छळणे आहे.

या मुलाचे स्नायू सैल असतात. तोंड लहान, जीभ पुढे येते, ओठांची पकड सुटते. त्यात ते झोपाळू; भूक लागली तरी रडून उठवीलच असे नाही. शेजारीण म्हणते, “पोर पीत नाही, बाटली लाव.” येथेच घात होतो. दूध जितके ओढले जाते तितके उतरते. मूल हळू ओढते म्हणून बाटली लावली, की आईचे दूध आटू लागते. वास्तविक या मुलांना छातीचे आजार लवकर जडतात, म्हणून चिकापासूनचे हे दूध त्यांना अधिकच हवे. शिवाय चोखण्याने जीभ आणि जबडा यांना व्यायाम होतो, तो निराळाच.

मग करावे काय? दर दोन-तीन तासांनी मूल जागे करावे. कपडे सैल करावेत, तळपाय चोळावेत. मूल जरा उभट धरावे, म्हणजे ठसका कमी लागतो. आईने तळहात स्तनाखाली ठेवून अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात मुलाची हनुवटी पेलावी, गाल अलगद आधारावेत. सुरुवातीस पिणे पुरे पडत नसेल तर दिवसरात्रीत आठेक वेळा हाताने दूध काढून ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने, उकळून घेतलेल्या, थेंबथेंब पाजावे. वजन मात्र नियमाने करावे. यांतील जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. पिताना घाम येणे, धाप लागणे, ओठ निळे पडणे हा आळस नव्हे, तत्काळ डॉक्टरकडे जावे.

आता वेळेचा प्रश्न. मुंबई विधिमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली आणि १९२९ साली कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास कामगारांच्या जागी पाळणाघर आले. परंतु साधे मूल दहा-पंधरा मिनिटांत आटोपते, तेथे हे मूल पाऊण तासही घेते. दोन सुट्यांत ते कसे बसवावे, हे मालकाशी बोलून ठरवावे लागते, आणि एकटी बाई ते बोलू शकत नाही.

चार घरची धुणीभांडी करणारीला तर हजेरीपुस्तकच नाही. तिच्या घरी नवऱ्याने आणि सासूने बोंडल्याने पाजणे शिकून घ्यावे. काढलेले दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात साध्या हवेत चार तास राहते. पुण्याच्या वैशाखात मात्र त्याआधीच संपवावे.