संकेतस्थळाची निविदा : सातबारा कुणाच्या नावावर?



कारखान्याच्या संकेतस्थळासाठी दरपत्रके आली, तेव्हा आम्हीही आधी सर्वांत कमी आकड्याकडेच झुकलो होतो. बारकाईने वाचले तर डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, ठेकेदाराच्याच नावे राहणार होता! जमीन आपली अन् सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असला प्रकार. हा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. एका वेळी फार तर १० वर्षांसाठी नोंदतात. नूतनीकरण चुकले की हातचा जातो. म्हणून फेरनिविदेत अटीच घातल्या : नोंदणी कारखान्याच्या नावे, पासवर्ड कार्यालयात, मजकूर युनिकोड मराठीत, होस्टिंगचा दरसालचा खर्च वेगळा. तांत्रिक लिफाफा आधी उघडायचा, दराचा मागाहून. ऊसबिलाचे आकडे दर पंधरवड्याला कोण चढवणार, हेही लिहून मागितले आहे.