चवडा दाबला की नाडी जाते

तपासणी साधी असते. घोट्याच्या आतल्या बाजूला थोडी जेल लावून डॉप्लरची पेनाएवढी दांडी टेकवली की रक्ताचा सूं-सूं आवाज ठेक्यात येऊ लागतो. मग डॉक्टर तळपायाला हात लावून सांगतात, "दाब, ॲक्सिलरेटर दाबतोस तसा. जोर लाव." पोटरीचा गोळा टणक होतो आणि आवाज गप्प होतो. पाय सैल सोडला की पुन्हा सुरू.

या दुखण्याचं नाव पॉप्लिटियल आर्टरी एन्ट्रॅपमेंट सिंड्रोम. गुडघ्यामागच्या खळगीतून पोटरीकडे आणि पावलाकडे रक्त नेणारी मुख्य धमनी स्नायूखाली सापडते, एवढाच त्याचा अर्थ. रुग्ण बहुधा तरुण आणि धट्टाकट्टा असतो, खेळाडू किंवा सैनिक. थोडं पळालं की पोटरी भरून येते, थांबलं की मोकळी होते. अशा वयात पायाची धमनी तुंबली असेल ही शंका घरच्यांना येत नाही आणि पहिल्या फेरीत डॉक्टरांनाही क्वचितच येते.

१८७९ साली एडिंबरामध्ये थॉमस अँडरसन स्टुअर्ट नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी कापून काढलेला एक पाय तपासत होता. गँगरीनमुळे तो पाय चौसष्ट वर्षांच्या माणसाने गमावला होता. धमनी नेहमीच्या रस्त्याने न जाता पोटरीच्या स्नायूला आतल्या बाजूने वळसा घालून गेलेली स्टुअर्टला दिसली. त्याने टिपण छापलं, पुढे सिडनीला जाऊन तिथल्या वैद्यकीय शाळेची उभारणी केली, आणि टिपण ग्रंथालयात पडून राहिलं. उपचाराची पहिली नोंद ऐंशी वर्षांनी आली. १९५९ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या हॅमिंग यांनी बारा वर्षांच्या मुलाचा तो स्नायू कापून धमनी मोकळी केली आणि आतली गुठळी काढली. आजचं नाव मिळालं १९६५ मध्ये, लव्ह आणि व्हेलन या अमेरिकी डॉक्टरांकडून.

पण या गोष्टीतलं खरं पात्र स्नायूच. पोटरीच्या गॅस्ट्रोक्नेमियस स्नायूला दोन मुळं असतात, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक आतून आणि एक बाहेरून चिकटलेलं. आईच्या पोटात असताना आतलं मूळ खळगी ओलांडून आपल्या जागी सरकतं. त्याच सुमारास तिथली धमनीही आपलं अंतिम रूप घेत असते. दोघांची वेळ जुळली नाही की गडबड होते. कधी सरकणारा स्नायू धमनीलाच सोबत ओढत आतल्या बाजूला नेतो. कधी तो स्वतःच अर्ध्या वाटेत थांबतो. कधी त्याचा एखादा चुकार पट्टा मागे राहून धमनीवर आडवा पडतो. क्वचित धमनी त्याहून खोल असलेल्या दुसऱ्याच स्नायूखाली अडकते. शल्यविशारदांनी याचे क्रमांक पाडले आहेत. शीरही सोबत सापडली तर पाचवा प्रकार.

पुढची वर्षं ही धमनी प्रत्येक पावलागणिक चिमटली जाते. भिंत जाड होते, आत व्रण धरतो, पुढचा भाग कधी फुगतो, गुठळी बसते, तिचे तुकडे बोटांपर्यंत जातात. तोवर कापण्याचं काम सोपं राहिलेलं नसतं.

शस्त्रक्रियेत रुग्णाला बहुधा पालथं झोपवतात. गुडघ्यामागे छेद एस अक्षरासारखा घेतात, कारण सरळ उभा घेतला तर घडीवरचा व्रण आकसून गुडघा ताठ करतो. कातडीखाली एक बारीक शीर आणि पोटरीच्या त्वचेची नस, म्हणजे मज्जातंतू, सांभाळायची. मग पांढरा चिवट पडदा. तो उघडला की आधी भेटते मोठी नस, तिच्याखाली शीर, आणि सर्वांत तळाशी, हाडाला लगटून, हवी असलेली धमनी. नस रबरी पट्टीने हळूच बाजूला धरतात. तिला धक्का लागला तर पावलाची ताकद आणि तळव्याची जाणीव पणाला लागते. शेवटी तो आडवा स्नायू कापला जातो, आणि धमनी वर-खाली पूर्ण मोकळी झाली का, हे बोटाने चाचपलं जातं. धमनी निरोगी असेल तर काम इथेच संपतं. बिघडलेली असेल तर रुग्णाच्याच पायातली शीर काढून तिथे जोडतात, उलटी फिरवून, कारण तिच्या झडपा एकाच दिशेने उघडतात.

मग स्टेंट का नाही, हृदयात घालतात तसा? इथे आजार भिंतीबाहेर आहे. स्नायू तसाच ठेवून आत जाळी बसवली तर गुडघा वाकताना ती दर वेळी चेपली जाते आणि कधी तुटते. स्टेंट हा शब्द घरोघर पोचल्यामुळे नातेवाइकांना हे पटवायला वेळ लागत असावा.

महाराष्ट्रात अशा तरुण रुग्णाच्या वाटेत आणखी एक सावली येते. तरुण वय, बंद पडलेली पायाची धमनी आणि खिशात बिडी किंवा तंबाखू असली की बर्गर्स आजाराचं निदान जवळचं वाटतं. तो आजार इथे ओळखीचा आहे, आणि त्याचा पहिला इलाज तंबाखू सोडणं. पण तो लहान रक्तवाहिन्यांत, पावलाच्या टोकाकडून सुरू होतो. दोष फक्त गुडघ्यामागे असेल तर तंबाखू सुटूनही चिमटा सुटत नाही.

आणि मोठा घोळ उरतोच. १९७७ मध्ये ८६ शवविच्छेदनांत तिघांमध्ये ही रचना सापडली. १९८१ मध्ये वीस हजार ग्रीक सैनिकांत प्रत्यक्ष दुखणं मात्र ३३ जणांतच आढळलं. दोन आकड्यांतली दरी सांगते की वाकडी रचना घेऊन अनेक जण काहीही न दुखता आयुष्य काढतात. त्यावर कडी म्हणजे सगळे भाग जागेवर, फक्त व्यायामाने पोटरी इतकी भरलेली की धमनी दबते, असा एक प्रकार. त्यात तपासणीवर भरवसा ठेवणं कठीण. कसलीही तक्रार नसलेल्या निरोगी माणसाने चवडा जोरात दाबला तरी बऱ्याचदा डॉप्लर गप्प होतो. पडद्यावर धमनी मिटताना दिसली म्हणून पोटरी तिच्यामुळेच दुखते, असं म्हणता येत नाही. दुखणं स्नायूंच्या कप्प्यात व्यायामाने वाढणाऱ्या दाबाचंही असू शकतं. तो दाब पोटरीत सुई घालून, धावण्याआधी आणि नंतर मोजतात. ही पायरी गाळली तर टाके सुकतात, आणि मैदानावर पोटरी पुन्हा तशीच भरून येते.

एक पाय बरा झाला की दुसऱ्याला दांडी लावतात, कारण दोष बरेचदा दोन्हीकडे असतो. रुग्ण म्हणतो, तिथे काही दुखत नाही. चवडा दाबतो. आवाज जातो. रचनाच वाकडी असेल तर धमनी खराब होण्याआधी कापावं, असं अनेक शल्यविशारद म्हणतात. नुसती भरलेली पोटरी असेल तर हात लावू नये, असंही त्यांच्यातलेच म्हणतात. एमआरआयची फिल्म प्रकाशपेटीवर लागते, आणि स्नायूचं मूळ नेमकं कुठे चिकटलं आहे, ते पुन्हा पहिल्यापासून पाहिलं जातं.